न जन्मलेल्या वासराचं वजन

फोन वाजला तेव्हा ऑफिसात दीनानाथशिवाय कोणी नव्हतं. एरवी तो फोन उचलत नसे. ते काम पुढच्या टेबलावरच्या शेरिलचं. शिवाय पहिल्या वर्षी दोन-चारदा पलीकडचा माणूस नुसता 'सॉरी? सॉरी?' करत राहिला होता, तेव्हापासून त्याने फोनचं नावच टाकलं होतं. पण मे महिन्यातल्या त्या मंगळवारी शेरिल सँडविच आणायला खाली गेली होती आणि फोन वाजून थांबला, पुन्हा वाजून थांबला, आणि तिसऱ्यांदा वाजू लागला तेव्हा कोणीतरी दाराशी उभं राहून कडी वाजवतंय असं त्याला वाटलं. त्याने उचलला. "हे आकडे कोण लिहितं?" एका वयस्क बाईचा आवाज. नमस्कार नाही, नाव नाही. कुठले आकडे, असं त्याने विचारलं. "वळूंच्या कॅटलॉगमधले. बारा नंबरच्या वळूसमोर जन्मवजन अधिक सहा पूर्णांक आठ लिहिलंय. एकतीस नंबरसमोर अधिक शून्य पूर्णांक सहा. हे खरं असतं का?" दीनानाथचा हात टेबलावरच्या कागदांवर तसाच राहिला. न्यूझीलंडातल्या हॅमिल्टनच्या त्या दुसऱ्या मजल्यावर बसून तीन वर्षं तो हेच आकडे संगणकात भरत होता. मांसासाठी अँगस जातीची गुरं पाळणारे देशभरचे लोक आपल्या वासरांची वजनं कागदावर लिहून पाठवत: जन्माच्या दिवशी किती, दोनशेव्या दिवशी किती, चारशेव्या, सहाशेव्या. तो ती भरे, ती कुठल्यातरी मोठ्या यंत्राकडे जात आणि कुठल्या वळूची वासरं सरासरीपेक्षा किती किलो जड निघतील असा हिशेब होऊन परत येत. पण हे खरं असतं का, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

बाईंचं नाव नोलीन. ते-कुईती नावाच्या गावापलीकडे डोंगरात त्यांचं फार्म होतं. त्या पैदाशीचा स्टड चालवत नव्हत्या, साधा कळप होता. त्यांनी सांगितलं ते असं, हवामान सांगावं इतक्या सपाट आवाजात. मागच्या वसंतात तीस पहिलारू कालवडी होत्या, त्यांतल्या सात अडून मेल्या. वासरं फार मोठी होती. वळू कॉलिनने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, स्वतः पारखून आणला होता. देखणा होता. आणि ह्या फेब्रुवारीत कॉलिन मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये कोसळला तो उठलाच नाही. "छत्तीस वर्षं वळू त्यानेच निवडले," त्या म्हणाल्या, "त्याच्या डोळ्याने मी बारा नंबर घेईन. तुझ्या आकड्याने एकतीस. मला एवढंच सांग, मी कोणाचं ऐकू?" त्याच्या तोंडून निघालं, "मी बघून उद्या सांगतो." फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं, की ह्या बाईने एकदाही 'सॉरी?' म्हटलं नव्हतं.

दुपारभर त्याने दुसरं काम केलं नाही. एकतीस नंबरची वंशावळ काढून तो मागे मागे जात राहिला. बाप कँटरबरीतला, त्याची एकशे चाळीस वासरं नोंदलेली. आईची आई गिस्बर्नजवळच्या एका कळपातली, अकरा वेळा व्यालेली, अकराही वेळा विनासायास. सावत्र बहिणी कुठे साउथलंडमध्ये, चुलते हॉक्स बेमध्ये. ओळीमागून ओळी. मध्येच एका ओळीवर तो थबकला. 'एकोणतीस किलो, मादी, पहाटे बर्फ.' 'पहाटे बर्फ' हे भरायचं नसतंच, त्याला रकाना नाही. पण कोणा शेतकऱ्याने कागदाच्या कडेला ते पेन्सिलीने लिहिलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी दीनानाथने, का कोण जाणे, शेऱ्याच्या जागी ते भरलं होतं. म्हणजे हे त्याच्या बोटांतून गेलं होतं. हे सगळंच गेलं होतं. गारठ्यात एकेका ओल्या वासराला तराजूच्या झोळीत उचलणारी शेकडो माणसं, एकमेकांना कधीही न भेटलेली. त्यांच्या थरथरत्या हातांनी लिहिलेले आकडे. आणि ते सगळे एकावर एक रचून शेवटी उरलेली ही एवढीशी खूण, शून्य पूर्णांक सहा. जे वासरू अजून पोटातदेखील नाही, ज्याची आई कुठल्यातरी डोंगरावर गवत खात उभी आहे, त्याच्याबद्दल ती बोलत होती. दीनानाथच्या अंगावर काटा आला. आकड्यांनी असं काही होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला काशिनाथकाका आठवले. आटपाडी, खरसुंडीच्या बाजूला खिल्लार जनावर घ्यायचं तर लोक काकांना घेऊन जात. काका आधी जनावराभोवती एक फेरी घालत, न बोलता. मग पाठीवरचे, कपाळावरचे भोवरे बघत, शेपटीचा गोंडा, खूर, शिंगांचा पीळ. गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवत आणि डोळे मिटून घेत. शाळकरी दीनानाथ त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राही. एकदा एका पांढऱ्याशुभ्र, राजासारख्या खोंडापाशी सगळे खिळले असताना काकांनी मालकाला विचारलं होतं, "ह्याची आई कुठंय?" आई विकली, मालक म्हणाला. "मग खोंडाचं काय सांगू तुला? खाण तशी माती. खाणच दाखवंनास तू." आणि ते चालू लागले होते. पुढे दीनानाथ मुंबईत परळच्या कॉलेजात शिकून जनावरांचा डॉक्टर झाला, त्याच मुलखात सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं राहिला. रात्री-अपरात्री कंदिलाच्या उजेडात खांद्यापर्यंत हात घालून त्याने किती गाई सोडवल्या, त्याची मोजदाद नव्हती. मग दमयंतीच्या मनाने घेतलं, अर्ज झाले, न्यूझीलंड झालं. दमयंती फार्मसीची परीक्षा पहिल्या फेरीत पास होऊन हॉस्पिटलात लागली. दीनानाथ त्याच्या परीक्षेत नापास झाला. लेखी नव्हे, प्रात्यक्षिकात. परीक्षक बाजूला घड्याळ घेऊन उभा होता, समोर लोखंडी सापळ्यात अडकवलेली शांत गाय, आणि त्याचा हात आत गेल्यावर मुका झाला. बोटांना काही कळेचना. पुन्हा तो बसला नाही. ऑफिसात सगळे त्याला 'डीन' म्हणत. गावी आईला लिहिलेल्या पत्रांत तो 'गुरांच्या खात्यात कॉम्प्युटरवर आहे' एवढंच लिही. सहाशेव्या दिवसाचं वजन कशासाठी मोजतात, हे त्याने लिहिलं नव्हतं. तो रकाना भरताना त्याची नजर किंचित बाजूला होई, अंगणातून जाताना कोणाच्या तरी उघड्या दारावरून व्हावी तशी.

शहराच्या कडेला रोटोटुनाला ते राहत तिथे घरं नवी होती आणि शेवटच्या घरापलीकडे अजून गाई चरत. संध्याकाळी दमयंती कुंपणाजवळचे कपडे काढत होती, तिला त्याने सगळं सांगितलं. नऊ वर्षांची ऋग्वेदा पायरीवर बसून चपलेने मुंग्यांची रांग अडवत होती. "सात?" दमयंती म्हणाली. "अरे देवा." मग थोड्या वेळाने, "पण तू सांगू नकोस हं. ऑफिसला लिहून विचारा म्हणावं. तू इथे डॉक्टर नाहीयेस, दीनू. उद्या काही झालं तर कुणाचं नाव घेतील?" "आकडा खरा असतो का, एवढंच विचारलंय तिने." दमयंतीने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दोघं घडी घालू लागले. "मी रोज अशाच आकड्यांवर चालते ना," ती म्हणाली. "किलोला इतके मिलिग्रॅम. ज्या माणसांवर ते तपासलं त्यांतलं एकही मी पाहिलेलं नाही. पण समोर मूल असतं तापलेलं, आणि मी बाटली भरून देते. हात कापत नाही माझा." तिने चादरीची घडी दाबून बसवली. "पहिल्या वर्षी कापायचा." ऋग्वेदाने मान वर न करता विचारलं, "बाबा, आर दोज काउज गोइंग टू डाय टू?" "नाही," तो म्हणाला, आणि आपण हे कशाच्या जोरावर म्हणालो ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला आणि एकतीस म्हणून सांगितलं. नोलीननी तो नंबर पुन्हा एकदा वदवून घेतला. मग म्हणाल्या, "लिलावाला ये. हे मला एकटीला जमायचं नाही." जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, एक दिवसाची रजा टाकून तो गेला. यूट गाड्या आणि ट्रक चिखलात उभे होते, माणसं लोकरी टोप्या घालून पिंजऱ्यांपुढून हळूहळू सरकत होती, आणि दीनानाथ हा त्या गर्दीतला एकटाच काळा माणूस, दमयंतीने आग्रहाने घालायला लावलेल्या नव्याकोऱ्या गमबुटांत. नोलीन ठेंगण्या होत्या, हात मोठे. त्यांनी त्याला थेट बारा नंबरपाशी नेलं. तिथे गर्दी होती. वळू ओल्या कातळासारखा काळा होता, खांदे दारासारखे रुंद, मान अशी भरलेली, की उन्हात तिच्यावरून लाट सरकल्यासारखी दिसे. तो नुसता उभा होता आणि त्याच्याभोवतीची माणसं आवाज खाली आणून बोलत होती. दीनानाथचे डोळे आपोआप मिटले आणि त्याने स्वतःलाच घाबरून ते उघडले. सगळं शरीर म्हणत होतं, हा. अकरा वर्षांचा अनुभव, काकांच्या मागे हिंडलेले ते सगळे बाजार, तळहात, सगळे म्हणत होते, हाच. "बघ," नोलीन हलकेच म्हणाल्या, "कॉलिनने दुसऱ्याकडे पाहिलं नसतं." एकतीस नंबर शेवटच्या रांगेत होता. लांबट, खांद्यात अरुंद, डोकं बारीक. कोणी त्याच्यापुढे थांबत नव्हतं. तो शेपटी उडवत आपलं गवत चघळत होता. दीनानाथने कॅटलॉगमधला नंबर पुन्हा पडताळून पाहिला. हा? आकड्यांच्या त्या सगळ्या गावांतून, बर्फांतून, अकरा-अकरा वेतांतून येऊन शेवटी हा?

"किती खात्री?" नोलीननी विचारलं. खोटं बोलणं सोपं होतं. कॅटलॉगात आकड्याखाली बारीक अक्षरात अचूकता छापलेली असते, ती कोणी वाचत नाही. "शंभरात अडुसष्ट," तो म्हणाला. "आणि उरलेले बत्तीस?" "ते माहीत नाहीत." "तुला माहीत नाहीत?" "कोणालाच नाहीत." नोलीन त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे निळे नव्हते, पावसाळी राखी रंगाचे होते. "कॉलिनने मला उरलेले कधी सांगितले नाहीत," त्या म्हणाल्या. लिलाव सुरू झाला. बारा नंबरला बोलीवर बोली चढत गेली, नोलीन ताठ बसून राहिल्या, त्यांचा डावा हात गुडघा घट्ट धरून होता. एकतीस आला तेव्हा त्यांनी कार्ड वर केलं आणि खाली घेतलंच नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी हसून म्हणालं, "कॉलिन थडग्यात कुशीवर वळला असेल." नोलीननी मागे न बघता उत्तर दिलं, "वळू दे. सात वेळा मी वळले होते."

पुढचं वर्ष बाहेरून साधं गेलं. नोव्हेंबरात वळू कालवडींत सोडला, असं नोलीननी फोनवर कळवलं. चौतीस कालवडी. त्यानंतर दीनानाथच्या आत काहीतरी सतत चालू राहिलं. तो आकडे भरी, पण आता प्रत्येक आकड्यामागे त्याला एक पोट दिसे. सुपरमार्केटात दुधाच्या रांगेत उभा असताना तो दिवस मोजी: आज पंचाण्णव, आज एकशे वीस; आता खूर तयार होत असतील, आता पापण्या. चौतीस पोटांत चौतीस जीव अंधारात आपापल्या वजनाकडे सरकत होते आणि ते वजन त्याने आधीच एका बाईला सांगून टाकलं होतं. कधी त्या धार्ष्ट्याने त्याला घाम फुटे. कधी मात्र, बागेत नळी धरून उभा असताना, एक वेगळीच लाट येई. आपण ज्याला दैव म्हणत आलो त्याला असं एक दार होतं तर, अडुसष्ट हात उघडणारं. आणि पलीकडे बत्तीस हात तसाच अंधार, अस्पर्श, पुरातन. दारही खरं आणि अंधारही खरा. पाणी वाफ्यातून वाहून फरशीवर यायचं, मग दमयंती खिडकीतून हाक मारायची.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. "अकरा झाली," नोलीन म्हणाल्या. "एकीलाही हात लावावा लागला नाही. ये आणि बघ, नाहीतर मला वाटतं मी कल्पनाच करतेय." शनिवारी सकाळी तो निघाला. डोंगरावर धुकं फाटत होतं. पॅडॉकच्या, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणाच्या, फाटकाशी उभं राहून त्याने पाहिलं: काळी, बारकी, लांब पायांची वासरं ओल्या गवतात इकडेतिकडे सांडल्यासारखी. एक त्याच्या डोळ्यांदेखत जन्मलं. कालवड आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी झाली, आणि सोललेल्या फळासारखं ते सळकन बाहेर आलं. दहाव्या मिनिटाला ते आपल्या चार पायांशी भांडत उभं होतं.  जनावरांच्या डॉक्टरला बोलावतात ते बिघडल्यावर. अकरा वर्षांत इतकं निर्वेध येणं त्याने कधी सलग बघितलंच नव्हतं. नोलीन फाटकावर हात टेकून उभ्या होत्या. "मागच्या खेपेला इथे वासरं ओढून काढायच्या साखळ्यांचा आवाज होता," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम, वेगळ्या स्वरात, "ती बघ. कुंपणाजवळची."

ती एकटी होती. शेपटी वर धरलेली, पाठ कमानदार. दोन पांढुरके खूर बाहेर आलेले होते, पण त्यांवर नाकाचा पत्ता नव्हता. सकाळी सातपासून अशी आहे, नोलीन म्हणाल्या; आधी वाटलं होईल. त्या घरात जाऊन फोन करून आल्या. डॉक्टर दुसऱ्या फार्मवर होता, यायला दीड तास. दोघांनी मिळून कालवडीला लाकडी खोड्यात घेतलं. "डोकं मागे वळलंय," दीनानाथ म्हणाला. "पाय पुढे आलेत, मान कुशीकडे." "दीड तास टिकेल?" "वासरू नाही टिकणार."  नोलीननी आतून गरम पाण्याची बादली आणि साबण आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. "मिसेस नोलीन, मी इथल्या परीक्षेत नापास आहे," तो म्हणाला. हे त्याने दमयंतीशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. "ह्याच परीक्षेत. हात आत घातला आणि काही कळलं नाही." "गाय माझी आहे," नोलीन म्हणाल्या. "मी तुला डॉक्टर म्हणून विचारत नाहीये. कॉलिन होता तेव्हा तो हात घालायचा. माझ्या हातांना संधिवात आहे. आता तू आहेस."

त्याने जाकीट काढलं, शर्ट काढला. वाऱ्याने कातडी आखडली. साबण खांद्यापर्यंत लावून त्याने बोटं मिटली आणि आत सरकवली, आणि ती ऊब. पाच वर्षांनी ती ऊब. क्षणभर हात पुन्हा मुका झाला, तसाच. तो परीक्षक, ते घड्याळ. मग कळ आली. कालवडीने त्याचा दंड हाडांच्या कड्यात असा आवळला, की वेदनेने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दाबात कुठेतरी बोटं जागी झाली. हा गुडघा. ही छाती. ही मान, डावीकडे वळलेली. मानेवरून पुढे, पुढे, हा कान. कानाच्या खाली खोबण, डोळ्याची, आणि त्याने हलकेच दाबल्यावर ती पापणी हलली. जिवंत होतं. कळ ओसरण्याची वाट बघत तो कालवडीच्या पाठीवर गाल टेकून उभा राहिला. आता वासराला मागे रेटायचं, नाकाला ओंजळ करायची आणि डोकं फिरवून आणायचं. मोठ्या वासरात इथेच सगळं संपतं. हाडाच्या आणि वासराच्या मध्ये बोट जात नाही, मग ओंजळ कुठली? त्याने हात पुढे केला. आणि जागा होती. त्याच्या तळहाताएवढी जागा. वासरू इतकं सडपातळ होतं, की त्याच्या छातीच्या आणि आईच्या हाडाच्या मध्ये एक माणसाचा हात मावत होता, वळत होता. उलटं डोकं त्या बत्तीसमधून आलं होतं, ते कुठल्याच आकड्याला माहीत नव्हतं. पण ही जागा त्या अडुसष्टमधून आली होती. कँटरबरीच्या एकशे चाळीस वासरांनी, बर्फातल्या पहाटेने, त्या अकरा वेळा व्यालेल्या म्हातारीने, सगळ्यांनी थोडं थोडं अंग चोरून त्याच्या हाताला ही जागा करून दिली होती. हात आत तसाच ठेवून तो थबकला, देवळाच्या गाभाऱ्यात अचानक शुद्ध यावी तसा. "डीन?" नोलीन म्हणाल्या. "आहे," तो मराठीतच म्हणाला. "जागा आहे." मग त्याने ओल्या नाकाला ओंजळ केली आणि पुढच्या कळेच्या आधी डोकं सावकाश फिरवून वाटेवर आणलं.

उरलेलं कालवडीनेच केलं. वासरू गवतावर पडलं, निपचित, आणि दीनानाथने त्याच्या नाकात गवताची काडी घातली. ते शिंकलं. नोलीन आधी हसल्या, मग फाटकाचा खांब धरून त्या खाली बसल्या आणि बराच वेळ रडत राहिल्या. त्या कोणासाठी रडत होत्या, सात कालवडींसाठी की कॉलिनसाठी, की त्याच्या चुकलेल्या डोळ्याला अखेर माफ करता आलं म्हणून, हे त्याने विचारलं नाही. तो त्यांच्याशेजारी उकिडवा बसून राहिला. नर आहे, त्याने बघितलं होतं. दोन वर्षांनी ह्याची रवानगी कुठे होणार, हे त्याला ठाऊक होतं आणि आज पहिल्यांदा त्याने नजर बाजूला केली नाही. वासरू आईच्या जिभेखाली डुलत होतं. दोन्ही गोष्टी एकाच उन्हात होत्या. त्या मोसमात चौतीसपैकी एकही कालवड गेली नाही, हे त्याला कळायला अजून तीन आठवडे होते.

डॉक्टरला नको म्हणून कळवायला नोलीन घरात गेल्या. दीनानाथ शर्ट तसाच खांद्यावर टाकून पलीकडच्या पॅडॉककडे चालत गेला. एकतीस नंबरचा वळू तारेपलीकडे एकटा चरत होता. तो वर्षभरात भरला होता, तरी देखणा नव्हता झाला. दीनानाथ उभा राहिला तसं त्याने डोकं वर केलं आणि हळूहळू चालत तारेपाशी आला. दीनानाथने न धुतलेला उजवा हात पुढे केला. थंडीत त्या हातातून वाफ निघत होती. वळूने लांब श्वास घेऊन मनगटापासून कोपरापर्यंत हात हुंगला, पुन्हा हुंगला, मग वास पारखताना वळू करतात तसा मान उंच करून वरचा ओठ वळवला आणि आभाळाकडे बघत तो निश्चल उभा राहिला, अगदी दुरून कोणीतरी काही सांगत असावं आणि ते ऐकू यावं म्हणून थांबावं तसा. दीनानाथनेही श्वास रोखला. हात त्याने तसाच पुढे धरून ठेवला.